चढावरचा हात

पणजोबांनी हा सायकल क्लब काढला, आजोबांनी तो वाढवला, वडिलांनी नेटाने सांभाळला. आणि आता त्याची धुरा होती त्यांच्या लेकीकडे, पेशाने दंतवैद्य असलेल्या ताईकडे.

क्लबचा दंडक जुना होता. माथ्यावर पोचताच प्रत्येकाने एकदा घंटी वाजवायची, आणि मोजणी जुळल्याखेरीज कोणीही पलीकडे उतरायचे नाही. आज सारे चढत होते त्या टेकडीवर मात्र दर वसंतात एक घंटी जास्त भरे. पलीकडची फुललेली दरी न पाहताच तिन्ही पिढ्या माघारी वळल्या होत्या.

"ताई, यंदा तरी उतरू द्या! का दाढा मोजल्यासारख्या घंट्याच मोजायच्या?" बेकरीवाले काका धापा टाकत म्हणाले.

"काका, आधी चढा तर खरं!"

ताईसकट बाराही जण खदखदून हसले.

वडिलांनी तिला एकदा सांगितले होते: याच चढावर एका सोबत्याने पाठीला हात लावून पणजोबांना शेवटच्या वळणापर्यंत ढकलत आणले होते. "इथून पुढे तुला मी ढकलतो," असे पणजोबांनी त्याला कबूल केले आणि मागे वळून पाहिले. रस्ता रिकामा होता.

ते वळण आले. सर्वांच्या मागे असलेल्या ताईने एक हात शेजारच्या मोकळ्या हवेत धरला.

तळव्याला घामाने भिजलेली, ऊबदार पाठ लागली.

ती दचकली, पण हात न काढता माथ्यापर्यंत ढकलत राहिली.

माथ्यावर घंट्या वाजल्या. बरोबर बारा! जल्लोष करीत सारे दरीकडे सुटले.

ताई ओला हातमोजा काढत होती, तोच अगदी तिच्या कानाशी कोणीतरी समाधानाने हसले.

"पोरी, तुझ्या पणजोबाचं देणं फिटलं बघ."