नजरेसरशी

“आणलीत का पानं? द्या इकडे,” दार उघडता उघडताच थोरली म्हणाली.

संगीतकाराने पिशवीतून दोन कागद काढले. कार्यक्रम त्याच संध्याकाळी होता आणि आपल्या रचनेचा शेवट त्याने पहाटे मोडून नव्याने लिहिला होता.

“अगदी आयत्या वेळी देतोय, कळतंय मला,” तो चाचरत म्हणाला. “जमण्यासारखं नसेल तर जुनाच शेवट राहू दे.”

“बघू तर खरं.”

दोघी बहिणींच्या त्या घरात तो पहिल्यांदाच येत होता. जिचा चेहराही कधी पाहिला नव्हता, नुसत्या रेकॉर्डिंगवर इतकी वर्षं जीव टाकला, ती आपली रचना वाजवणार, हे त्याला अजून खरं वाटत नव्हतं.

थोरलीने पानं पियानोवर लावली, चष्मा पुसला आणि सुरुवात केली. ना चाचपणं, ना अडखळणं. हात एका ओळीवर होते, नजर केव्हाच पुढच्या ओळीत गेलेली. दुसऱ्या पानावरचं अवघड वळण त्याला स्वतःलाही वाजवता येत नव्हतं. ते तिने वर्तमानपत्र वाचावं तसं वाचून टाकलं.

तो थक्क होऊन बघत राहिला. आपण अक्षर अक्षर जुळवत बसतो. ही माणसं अख्खं वाक्य एका घोटात पितात.

धाकटी खिडकीपाशी पाय पोटाशी घेऊन बसली होती. डोळे मिटलेले.

“ताई, दुसरं पान परत.”

थोरलीने परत वाजवलं.

“आता नुसता डावा हात.”

थोरलीने तेही केलं, कुरकुर न करता. संगीतकाराला तिच्या मनाच्या मोठेपणाचंही कौतुक वाटलं. कार्यक्रम तोंडावर आलेला, आणि ही बहिणीला शिकवतेय!

मग धाकटी पियानोवर येऊन बसली. ओळीखाली बोट धरून तिने पानात डोकं घातलं. एक सूर लागला. बऱ्याच वेळाने दुसरा. “हा खालचा काय गं?” तिने विचारलं. थोरलीने सांगितलं. पहिलीतलं मूल धडा वाचतं तशी गाडी चालली होती. ऐकणाऱ्याचाच जीव कासावीस होत होता.

“घाई करू नका,” तो न राहवून म्हणाला. “मन लावून केलंत, तर एक दिवस ताईंसारखं वाचाल.”

बहिणींनी एकमेकींकडे पाहिलं. धाकटी खुदकन हसली.

“आईसुद्धा हेच म्हणायची. शेवटी तिनेच हात टेकले.”

थोरलीने घड्याळ पाहिलं आणि पर्स उचलली. “निघते बाई. तिकडे लोक ताटकळलेत. आणि तुम्ही काळजी करू नका हो. नवा शेवट सुरेख झालाय, जुना कशाला वाजवायचा?”

निरोप घेताना तिने हात पुढे केला. त्याला लवंगेचा वास आला. एवढी मोठी कलावंत आणि स्वयंपाकघरही सांभाळते, त्याच्या मनात आलं.

“संध्याकाळी भेटूच,” तो म्हणाला.

“म्हणजे काय! येतेच मी.”

संध्याकाळी त्याला सभागृहात बसवेना. तो बाहेरच्या मार्गिकेत, बंद दाराला कान लावून उभा राहिला.

रचना सुरू झाली. दोन पानांचा तो नवा शेवट आला. सूर तेच होते, त्यानेच लिहिलेले. पण ते असे थांबू शकतात, असे उसासू शकतात, हे लिहिताना त्याला ठाऊक नव्हतं. आपल्याच घरात आपल्याला कधी न दिसलेली खोली कुणीतरी उघडून दाखवावी, तसं झालं. शेवटचा सूर विरला. मग टाळ्यांचा असा कडकडाट, की दार हादरलं.

त्याने डोळे पुसले. सकाळी नजरेसरशी वाचलं, आणि संध्याकाळी हे! अशा बाईचे पायच धरायला हवेत.

तेवढ्यात रस्त्याकडचं दार धाडकन उघडलं आणि थोरली धापा टाकत आत आली.

“संपलं?” ती हळहळली. “काय करू हो, शेवटच्या पेशंटची दाढ निघता निघेना. कसं वाजवलं माझ्या बहिणीने?”