आधी ओळख, मग उपट

"आजी, नेमकी कुठली दाढ दुखतेय?"

"तू सांग."

डॉक्टर नोक्वांडाने डोळे मिटून घेतले. दक्षिण आफ्रिकेतल्या नोंगोमा गावच्या दवाखान्यात रुजू होऊन तिला जेमतेम आठवडा झाला होता, आणि समोर खुर्चीत बसल्या होत्या माखोझा आजी. उजव्या बाजूला दोन दाढा किडलेल्या. एक वर, एक खाली, दोन्ही सारख्याच काळ्याकुट्ट. दुखणारी मात्र एकच. एक्स-रे काढावा तर सकाळपासून वीज गायब. ठोकून बघावं तर आजींचा चेहरा असा, जणू दाढा शेजारणीच्या तोंडात आहेत!

"अहो, मला कसं कळणार? दुखतंय तुम्हाला."

"दुखतंय मला, शिकलीस तू. मग सांगायचं कोणी?"

मदतनीस झोदवा भिंतीकडे तोंड करून खांदे हलवत हसत होती.

चुकीची दाढ निघाली की निघाली, ती काही माफी मागून परत चिकटवता येत नाही. पहिल्याच आठवड्यात असं झालं असतं तर बाजारातल्या कोंबड्यांनीसुद्धा तिला बघून चोची मिटून घेतल्या असत्या.

"वरची आहे का?"

"सियावुमा," आजी पुटपुटल्या. म्हणजे, मान्य. तळहात एकमेकांना नुसते टेकवले.

"की खालची?"

"सियावुमा!" या वेळी खणखणीत टाळी.

"अहो, दोन्ही कशा मान्य?"

आजी सांगोमासमोर, म्हणजे गावच्या देवऋषीणबाईसमोर, बसावं तशा ताठ बसलेल्या. सांगोमा कधी विचारते का, बाई, तुला काय होतंय म्हणून? ती हाडं टाकते, ती सांगते, आपण टाळी वाजवून मान्य म्हणायचं. विचारावं लागलं तर ती सांगोमा कसली!

नोक्वांडाचा धीर सुटला. इंजेक्शन भरता भरता तिने नेहमीचे प्रश्न भराभर उरकायला घेतले.

"शुगर आहे?"

"सियावुमा," आजी तोंडातल्या तोंडात.

"फिट येते?"

"सियावुमा." त्याहून बारीक.

"रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत?"

"सियावुमा!" टाळी अशी कडाडली की ट्रेमधले चिमटे नाचले.

नोक्वांडाचा हात जागीच थांबला. लहानपणी तीही आईच्या मांडीला मांडी लावून सांगोमाच्या चटईवर बसली होती की! तिथे 'नाही' असं कुणी म्हणतच नाही. सांगोमाचं चुकलं की पुटपुटायचं, बरोबर आलं की छप्पर उडवायचं.

तिने सुई खाली ठेवली. प्रश्न बंद केले. कंबर ताठ करून, आवाज घुमवून ती म्हणाली, "तुमचं हृदय दुबळं आहे!"

"सियावुमा!"

"गोळी रोज घेता. आज सकाळीही घेतलीत!"

"सियावुमा!" आता झोदवाही टाळ्या पिटायला लागली.

"आणि मी आत्ता दाढ उपटली असती, तर रक्त थांबता थांबलं नसतं!"

टाळी वाजली नाही. आजींनी सावकाश रुमालाची गाठ सोडली आणि गोळ्यांचं पाकीट नोक्वांडाच्या हातात ठेवलं.

"हे मात्र मला ठाऊक नव्हतं, पोरी."

मग आपण होऊन आ वासला आणि खालच्या दाढेवर बोट ठेवलं. "ही बघ, ही मेली. आता सांगायला हरकत नाही. आता तू डॉक्टर."

आधी रक्त तपासायचं, मग दाढ काढायची, तोवर दुखणं थांबवायला औषध, असं ठरलं. आजींनी सगळं निमूट ऐकलं, काठी उचलली आणि बाहेर जाऊन साऱ्या बाकड्यांना ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं, "अरे, ही पोरगी विचारत नाही! नुसतं बघून सांगते!"

नोक्वांडा आठवडाभरात पहिल्यांदा मनापासून हसली. "पुढचा पेशंट!"

पुढचा होता एक धिप्पाड ट्रकवाला. 'खालची डावी, आई गं, खालची डावी' असा त्याचा टाहो सकाळपासून सगळ्या दवाखान्याने ऐकला होता. तो आत आला, खुर्चीत ऐसपैस बसला, हातांची घडी घातली आणि दातावर दात दाबून म्हणाला,

"ओळखा."