धाडीचा सराव

रबाळ्याच्या मसाल्याच्या कारखान्यात कंपनीच्या वकीलसाहेबांनी अन्न खात्याच्या धाडीचा सराव ठेवला होता. "नुसता सराव आहे, टेन्शन घेऊ नका," असं म्हणत त्यांनी फळ्यावर दोन रकाने आखले. डावीकडे दंड भरून सुटता येतं असे गुन्हे: पाकिटात वजन कमी, लेबलवर तारीख नाही. उजवीकडे तुरुंगात नेणारे: जिवाला अपाय करणारी भेसळ. "कंपनीला काही बेड्या घालता येत नाहीत," ते म्हणाले, "म्हणून उजवीकडे माणसाचं नाव लागतं."

लॅबमध्ये काम करणाऱ्या राजश्रीने उजवा रकाना पुन्हा वाचला. कपडे रंगवायचा रंग सापडला म्हणून मिरची पावडरचा एक लॉट तिने गेल्याच महिन्यात नापास केला होता. तरी तो बाजारात गेला होता.

वकीलसाहेबांनी अधिकाऱ्याचा आवाज काढून विचारलं, "मिरचीचा लॉट पास कोणी केला?"

"राजश्री मॅडमनी," गोदाम सांभाळणारा पंढरी म्हणाला.

"राजश्री मॅडमनी," मॅनेजर हरेश सर हातातल्या कागदावरून मान वर न करता म्हणाले.

मग तिची पाळी आली.

"मी तो नापास केला होता सर. हरेश सरांना त्याच दिवशी लेखी दिलंय."

वकीलसाहेबांनी स्वतः उठून तिच्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला.

"पहिल्यांदा सगळ्यांचंच चुकतं," ते मायेने म्हणाले. "खात्याचे लोक उद्या अकराला येतायत, तोवर जमेल तुम्हाला. पुन्हा विचारतो."