खंडेनवमीचं हत्यार

खंडेनवमीला धाकटे मालक पूजेचं ताट घेऊन पंपाच्या कारखान्यात उभे होते. निवृत्त टर्नर पांडबा मिस्त्रींना त्यांनी मुद्दाम बोलावलं होतं.

“मिस्त्री, बाहेरच्या देशानं पंप द्यायचं थांबवलंय. गावचा पंप जळालाय, आठ दिवस पाणी नाही. तुम्हीच बनवा आता एखादा.”

मिस्त्रींनी शेडवर नजर फिरवली. वर्षानुवर्षं पुजलेली नऊ लेथ मशीनं या दीडशहाण्यानं भंगारात घातली होती. उरलं होतं ते परदेशी पंपांवर कंपनीचे स्टिकर चिकटवायचं टेबल.

“बनवतो की. कशावर?”

मालकांनी ताट टेबलावर टेकवलं.

मिस्त्रींनी स्टिकरच्या रिळाला कुंकू लावलं, वर झेंडूचं फूल ठेवलं. “हे तुमचं हत्यार, मालक. यालाच सांगा पाणी उपसायला.”