पाच स्पीडब्रेकर

आमच्याकडे कार नव्हती, अप्पांची जुनी स्कूटर होती. लातुरात आमच्या घरापासून औसा रोडवरच्या दवाखान्यापर्यंत पाच स्पीडब्रेकर. अव्वाला, म्हणजे माझ्या आईला, डायलिसिसला नेताना प्रत्येकाच्या आधी अप्पा मान मागं वळवायचे.

"शरणम्मा, घट्ट धर."

"धरलंय की. तुम्ही पुढं बघा आधी, न्हाई तर दोघं बी पडू."

मी म्हणायचे, "अव्वा, रिक्षानं जा ना."

"रिक्षात टेकायला ह्यांची पाठ कुठं हाय गं?"

नंतर तिच्या हातात जोर उरला नाही. मग अप्पा तिला माझ्या ओढणीनं स्वतःच्या कमरेला बांधून न्यायचे.

काल अव्वा गेली. आम्हा लिंगायतांत माणसाला शेवटीही बसवूनच नेतात. फुलांनी सजवलेल्या टेम्पोत तिला खुर्चीवर बसवलं आणि माझ्याच ओढणीनं खुर्चीला बांधलं. अप्पा तिच्या पुढ्यात, तिच्याकडे पाठ करून बसले. रस्ता तोच होता.

पहिला स्पीडब्रेकर आला. अप्पांनी मान मागं वळवली.

"शरणम्मा, घट्ट धर."

पुढं बघा, असं कुणीच म्हणालं नाही. पाचही स्पीडब्रेकर संपले, तरी अप्पा मागंच बघत होते.