पंधरावं औषध

चौदाव्या औषधानेही हबीबाच्या पेशींना काही झालं नाही, तेव्हा प्रयोगशाळेचे प्रमुख मितेश सर यांनी काम बंद करायला सांगितलं. वैशालीने मान डोलावली आणि त्याच संध्याकाळी पंधरावं औषध घातलं.

भिवंडीजवळच्या पूर्णा गावातल्या गोदामांच्या रांगेत त्यांची प्रयोगशाळा होती. हबीबा भिवंडीतलीच, घरचे चार यंत्रमाग. तिच्या गाठीतल्या पेशी दोन केमोंना पुरून उरल्या होत्या आणि आता प्लेटमध्येही कशालाच दाद देत नव्हत्या. एकदा मायक्रोस्कोपमधून त्या बघून ती हसली होती.

"माझ्याच आहेत, हट्टी असणारच. पण मी जास्त हट्टी आहे, मॅडम."

वैशालीला ती बाई तेव्हाच आवडली. तिला मरू द्यायचं नाही, एवढंच तिने ठरवलं होतं.

काचसामान धुणाऱ्या रंगूबाई अंबाडीकडच्या, साठीच्या, बोलण्यात फार जपून. घरी निघताना 'जाते' कधी म्हणायच्या नाहीत, 'येते' म्हणायच्या. परवा हातून काचेचा चंबू पडला, तर "ताई, चंबू वाढला" म्हणत तुकडे गोळा करू लागल्या. "वाढला तर दोन झाले असतील," सर म्हणाले आणि सगळे हसले. पण सहा वर्षं मायक्रोस्कोप पुसता पुसता रंगूबाईंची नजर तयार झाली होती. सरांनी तर त्याला डोळा लावूनही बरेच दिवस झाले होते.

तिसऱ्या दिवशी निकाल बघायचा होता आणि नेमकी वैशाली वडप्याला कंटेनरांच्या रांगेत अडकली. तिने रंगूबाईंना फोन लावला.

"मावशी, पंधरा नंबरची प्लेट बघा. काय दिसतं?"

पलीकडे प्लेट सरकवल्याचा आवाज आला.

"ताई, वाढल्या," रंगूबाई हळू आवाजात म्हणाल्या. "समद्या वाढल्या."

तेवढ्यात रंगूबाईंच्या शेजारी उभ्या असलेल्या सरांनी त्यांच्या हातून फोन घेतला.

"ऐकलंस? पुरे झालं आता. प्लेटा लगेच नष्ट करायला सांगतो."

"मी येईपर्यंत कोणी हात लावायचा नाही. सोळावं औषध घालणार आहे मी."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर उद्या मला काढून टाका. आज नाही."

मग तिने रंगूबाईंना फोन द्यायला सांगितलं. "मावशी, दारात बसा. कोणाला आत सोडू नका."

"बसते. बघू कोन येतो त्ये."

तासाभराने ती पोचली. रंगूबाई खरंच दारात स्टूल टाकून बसल्या होत्या आणि सर केबिनमध्ये गाल फुगवून चहा पीत होते. वैशालीने कोणाशी न बोलता हातमोजे चढवले, सोळावं औषध भरून घेतलं आणि मायक्रोस्कोपला डोळा लावला.

औषध न घातलेल्या प्लेटमध्ये पेशी तळाला घट्ट चिकटून होत्या, नेहमीसारख्या ठणठणीत. तिने पंधरा नंबर सरकवला. तळ मोकळा होता. एकही पेशी चिकटलेली नव्हती, नुसता चुरा तरंगत होता. तिने पुन्हा पाहिलं. मग तिसऱ्यांदा.

"मावशी, तुम्ही फोनवर वाढल्या म्हणालात ना?"

"मंग? जित्या बाईच्या अंगातल्या हायत त्या. सकाळच्या पारी 'मेल्या' कसं म्हनू?"