कोरा करकरीत सुरा

पार्सलच्या खोक्यावर चिकटपट्टीचे एकावर एक दोन थर होते. गार्डकाकांनी ते दातांनीच ओढले.

"अहो, कात्री देऊ का?" काकू दारातून म्हणाल्या. "दात उरलेत किती ते तरी बघा."

"या कामाला पुरे आहेत."

सुरा बाहेर आला. वीतभर पातं, जाडजूड पाठ, आणि पोलाद थेट मुठीच्या शेवटापर्यंत गेलेलं. गार्डकाका बघतच राहिले. जंगलखात्यात तीस वर्षं काढली, पण सरकारी सुरा नेहमी दुसऱ्याने झिजवून दिलेला. कोरा करकरीत सुरा हातात येण्याची ही पहिलीच वेळ.

पार्सल येऊन दोन आठवडे झाले होते. पण लेकीच्या नव्या घराचं सामान लावायला ते एकटेच तिकडे गेलेले, परतले काल संध्याकाळी. रात्रभर कूस बदलत काढली, उजाडताच खोकं घेऊन अंगणात बसले.

"नवा सुरा आला की लगेच लाकडावर धावायचं नाही," ते म्हणाले. ऐकायला काकूच होत्या. "आधी तो वाचायचा. कंपनी पात्याला तेल फासून पाठवते, ते पुसायचं." त्यांनी फडकं फिरवलं. फडकं कोरंच राहिलं. "बघ! पुसूनच पाठवलाय. याला म्हणतात माल."

"बरं बाई."

"नव्या चामड्याचं म्यान आठ दिवस सुरा सोडत नाही. आणि हा बघ, कसा अलगद निघतो!" मग त्यांनी मनगटावरचे चार केस उडवले आणि गडी हरखून गेला. "आणि ही धार! तीस वर्षांत मला अशी लावता आली नाही."

काकू पाण्याचा डबा घासत होत्या. पाच दिवस पुरेल एवढा मोठा, पत्र्याचा. त्यांच्या अंगठ्याला पट्टी होती.

"काय लागलं?"

"भाजी चिरताना."

"म्हणून म्हणतो, धारेची कामं आमच्यावर सोडावीत."

काकूंनी डबा जरा जोरात घासला.

गार्डकाकांचा सगळा जीव अडकला होता तो वरच्या खिंडीतल्या दगडी चौकीत. तिथे पाच दिवस बसून जनावरं मोजायची होती. रिटायर झाल्यापासून चार वर्षं त्यांना कोणी वर बोलावलं नव्हतं. यंदा यादीत नाव लागलं, पण चौकीवर एकट्याला सोडत नाहीत. त्यांचा जुना जोडीदार, ज्याला सगळे बोका म्हणत, गुडघेदुखीने घरी बसला होता. आज बारापर्यंत दुसरा मिळाला नाही तर नाव कापलं जाणार होतं. त्यात खात्याने यंदा परीक्षा काढली. "अख्ख्या रेंजला सुरा धरायला मी शिकवलं, आणि मी परीक्षा देऊ?" असं म्हणून त्यांनी तो कागद परत पाठवला होता.

"चौकीवर मोठा सुरा एकच," ते लाकूड उभं करत म्हणाले. "तो प्रमुखाच्या कमरेला. दुसऱ्याने पाण्याचा डबा वाहायचा. ही आमची जुनी रीत."

"ठाऊक आहे. तीस वर्षं तेच ऐकतेय. त्या खिंडीतला दगड न् दगड पाठ झालाय मला, एकदाही न जाता."

त्यांनी पातं लाकडावर टेकवलं आणि पाठीवर दांडक्याने ठोकलं. खाट्‌! लाकूड दुभंगलं. पोरासारखे हसत त्यांनी आणखी चार फोडली. मग एका ढलपीवर पातळ सोलपटं काढली, पिसाऱ्यासारखी फुललेली. दोन काड्या विझल्या. तिसरीला जाळ धरला.

"तीन काड्या," काकू म्हणाल्या.

"वारा होता!"

"पान हलत नाहीये, अहो."

पावणेबाराला फोन वाजला. रेंजर होती.

"काका, जोडीदार मिळाला. परीक्षेत पहिला नंबर. भिजलेल्या लाकडातून एका काडीत जाळ काढला."

"एका काडीत?" गार्डकाकांनी पाठ वळवून आवाज खाली घेतला. "कॉलेजचा असेल कोणी. चालेल! वळण लावतो त्याला."

पलीकडून हसू ऐकू आलं. "दोनला जीप घेऊन येते."

मग घरात नुसती धांदल. काकूंनी दोन दोन चादरी बांधल्या. "थंडी असते ना तिथे," त्या म्हणाल्या. गार्डकाकांनी सुरा कमरेला लावला, आरशासमोर एकदा असे आणि एकदा तसे उभे राहिले. आपण पुन्हा चाळिशीचे झालो, असं त्यांना साफ वाटलं.

दोनला हॉर्न वाजला. गार्डकाका धावतच फाटकाशी गेले. जीपमध्ये रेंजर एकटीच होती.

"पोरगं कुठाय?"

"कोणतं पोरगं? काका, प्रमुख तयार आहेत ना?"

"केव्हाचा उभा आहे!"

"तुम्ही नाही हो. परीक्षा पास होईल तो प्रमुख, असा नियम आहे यंदा."

ती त्यांच्या खांद्यावरून मागे बघत होती. ते वळले. काकू पायरी उतरत होत्या. अंगात गार्डकाकांचीच जुनी खाकी पँट, खालून दुमडलेली, आणि पायांत कॅनव्हासचे बूट. टाचा चांगल्याच झिजल्या होत्या.

काकूंनी त्यांच्या कमरेचा सुरा काढून घेतला आणि नखावर धार पाहिली.

"सकाळपासून ठोकाठोक करून घालवलीत ना? पंधरा दिवस लावत होते मी ती."

त्यांनी म्यान स्वतःच्या पट्ट्यात अडकवलं आणि पाण्याचा डबा गार्डकाकांच्या हातात दिला.